शेंगदाण्याची साल

प्रस्तावना

लोकमान्य टिळकांच्या बालपणातील शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. आपण शेंगा खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफले उचलणार नाही, असे त्या बाणेदार विद्यार्थ्याने गुरुजींना सांगितले, अशी ती आख्यायिका आहे. या गोष्टीने शेंगेचे टरफल अजरामर केले. परंतु टरफल फोडल्यावर आतील दाण्यावर आणखी एक आवरण असते. ते कागदाहूनही पातळ असते. कधी गुलाबी, कधी तांबडे, तर क्वचित जांभळे-काळे असते. दाणे भाजून हातांवर चोळले आणि एक फुंकर घातली, की ते उडून जाते. या दुसऱ्या आवरणाची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत पाठात त्याच सालीची ओळख करून घ्यायची आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• शेंगदाण्याच्या सालीचे वनस्पतीच्या दृष्टीने असलेले कार्य सांगू शकाल;
• सालीचा रंग आणि तिच्यातील द्रव्ये यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• 'ऑक्सिडीकरणरोधक' या संज्ञेचा अर्थ रोजच्या उदाहरणांनी समजावून देऊ शकाल;
• आहाराविषयीच्या अतिरंजित दाव्यांची पारख करू शकाल.

मूळ पाठ

१. काशीतील हिवाळी संध्याकाळ

पौषातील थंडी. गंगेवरून उठलेले धुके हळूहळू वाराणसीच्या घाटांवर पसरू लागलेले असते. गोदौलियाच्या चौकातून दशाश्वमेध घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर हातगाड्यांच्या रांगा उभ्या असतात. गाडीवर भाजलेल्या शेंगांचा ढीग असतो आणि शेंगा गरम राहाव्यात म्हणून ढिगावर निखाऱ्यांचे लहानसे मडके ठेवलेले असते. गिऱ्हाईक आले, की विक्रेता शेंगा कागदाच्या पुड्यात भरतो आणि सोबत हिरव्या मिरचीची चटणी किंवा मीठ देतो. लंका भागात, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या प्रवेशद्वारापाशीही विद्यार्थ्यांचे घोळके शेंगा फोडीत गप्पा मारताना दिसतात. पूर्वेकडील बोलींत भुईमुगाच्या शेंगेला 'चिनिया बदाम' असे कौतुकाचे नाव आहे. ज्याला खरा बदाम परवडत नाही, त्याचा हा बदाम.

याच शहरात ब्रह्मघाट, दुर्गाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. काशी विश्वनाथाच्या मंदिराची १७८० मध्ये पुनर्बांधणी करणाऱ्या अहिल्याबाई होळकर आणि काशीतच जन्मलेल्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्यामुळे मराठी मनाला हे शहर परके वाटत नाही. अशा एखाद्या मराठी घरात एकादशीच्या आदल्या दिवशी दाणे भाजले जातात. आजी ते सुपात घेऊन चोळते, पाखडते आणि साल अंगणभर उडते.

"आजी, साल कशाला काढतेस गं?" नात विचारते.

"अगं, कूट पांढरंशुभ्र दिसायला हवं. साल राहिली तर खिचडीला तुरट चव येते," आजी उत्तर देते.

आजीचे म्हणणे खरे आहे. त्या तुरटपणातच या पाठाचा विषय दडलेला आहे.

२. बीजाचा पहारेकरी

भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक. त्याचे फूल जमिनीवर उमलते. फलधारणेनंतर मात्र फुलाच्या तळाशी एक देठासारखा भाग वाढतो. त्याला 'आरी' म्हणतात. ही आरी जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग धरते. याचा अर्थ असा, की भुईमुगाचा दाणा आपले सारे बालपण मातीत घालवतो. मातीत ओलावा असतो, कीटक असतात आणि असंख्य प्रकारच्या बुरशी असतात. दाण्याच्या आत तर जवळजवळ निम्मे तेल आणि सुमारे पाव भाग प्रथिने असा समृद्ध साठा असतो. एवढे धन जमिनीत पुरून ठेवायचे, तर त्याला राखणदार हवाच.

टरफल हा पहिला राखणदार आणि साल हा दुसरा. वजनाने ही साल दाण्याच्या जेमतेम ३ टक्के असते. १०० किलो दाण्यांपासून सुमारे ३ किलो साल निघते. परंतु अखंड सालीचा दाणा आणि साल फाटलेला दाणा यांत मोठा फरक पडतो. साल चिरली, की बुरशीला आत शिरण्यास वाट मिळते. सालीचा हा प्रतिकार दुहेरी असतो. एक तर ती भिंतीसारखी आडवी येते; शिवाय तिच्यातील टॅनिन वर्गातील द्रव्ये बुरशीच्या वाढीला अडथळा करतात.

बुरशीचा धोका किती मोठा असतो, हे १९६० मध्ये इंग्लंडमध्ये दिसून आले. तेथे टर्की जातीच्या एक लाखाहून अधिक पक्ष्यांचा अल्पावधीत मृत्यू झाला. शोध घेता त्या पक्ष्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने तयार केलेले विष आढळले. त्या विषाला पुढे 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. हे विष यकृताला घातक असून त्यामुळे कर्करोगही होऊ शकतो. म्हणून शेंगा काढताना त्यांना इजा होऊ न देणे, त्या उन्हात चांगल्या वाळवणे आणि साठवणीत ओलावा ८ टक्क्यांच्या आत राखणे याला फार महत्त्व आहे. शेतकऱ्याची ही काळजी आणि बीजाची साल या दोन्हींचा हेतू एकच आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) भुईमुगाच्या दाण्याला विशेष संरक्षणाची गरज का असते?
(आ) १०० किलो दाण्यांपासून सुमारे किती साल निघते?
(इ) अफ्लाटॉक्सिन हे विष कशामुळे तयार होते?

३. रंगांची भाषा

सर्वच शेंगदाण्यांची साल एका रंगाची नसते. महाराष्ट्रात जळगाव येथील संशोधन केंद्राने दिलेले 'फुले प्रगती' अर्थात जे. एल. २४ हे वाण स्पॅनिश गटात मोडते. या गटातील वाणांची साल बहुधा फिकट गुलाबी किंवा पिवळट तांबूस असते. 'गंगापुरी' हे जुने वाण व्हॅलेन्सिया गटातील. त्याच्या एका शेंगेत तीन-चार दाणे असतात आणि साल लालभडक असते. काही वाणांची साल गडद जांभळी, जवळजवळ काळी असते, तर काहींची अगदी पांढरी. काही दाण्यांवर दोन रंगांचे पट्टेही दिसतात. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत भुईमुगाचे १५ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. हे रंगवैविध्य तेथे जिवंत राहिले आहे.

हे रंग येतात कोठून? वनस्पती आपल्या पेशींत 'पॉलिफेनॉल' नावाची अनेक द्रव्ये तयार करतात. त्यांपैकी 'अँथोसायनिन' हा गट जांभूळ, काळी द्राक्षे, कोकम यांना त्यांचा गडद रंग देतो. जांभळ्या-काळ्या शेंगदाण्याच्या सालीतही हीच द्रव्ये असतात. गुलाबी व तांबूस सालीत 'प्रोअँथोसायनिडिन' हा गट विपुल असतो. हे टॅनिनच होत. हिरड्यात, चहात आणि कच्च्या केळ्यात जो तुरटपणा जाणवतो, तो अशाच द्रव्यांचा. ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे जीभ ओढल्यासारखी होते. आजीच्या खिचडीत उतरणारा तुरटपणा हाच.

सालीत कॅटेचिनसारखी लहान रेणूंची द्रव्येही असतात; ती चहातही आढळतात. याखेरीज भुईमुगात 'रेस्व्हेराट्रॉल' नावाचे आणखी एक द्रव्य असते. बुरशीचा हल्ला झाला किंवा दाण्याला इजा झाली, की वनस्पती ते अधिक प्रमाणात तयार करते. ते जणू वनस्पतीने ऐन वेळी उपसलेले शस्त्र होय.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. रंग ही खूण आहे. ते मोजमाप नव्हे. अँथोसायनिन डोळ्यांना दिसते, परंतु प्रोअँथोसायनिडिन मुळात रंगहीन असते. त्यामुळे काळी साल म्हणजे सर्वगुणसंपन्न आणि गुलाबी साल म्हणजे निरुपयोगी, असा निष्कर्ष काढता येत नाही.

४. खवट दाण्याचा धडा

या द्रव्यांना 'ऑक्सिडीकरणरोधक' किंवा 'अँटिऑक्सिडंट' म्हणतात. हा शब्द अवघड वाटला, तरी त्यामागील अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरात मिळतो. दाण्याचे कूट बरेच दिवस डब्यात राहिले, की त्याला खवट वास येतो. लोखंडी खिळा ओलसर हवेत गंजतो. चिरलेले वांगे काळे पडते. या सर्व घटनांत हवेतील ऑक्सिजनचा पदार्थाशी संयोग होतो. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. अखंड दाणा पुष्कळ काळ टिकतो. कूट मात्र लवकर खवट होते. कारण दाणा कुटला, की त्याचे आवरण मोडते आणि आतील तेल हवेला उघडे पडते.

तेलाचे ऑक्सिडीकरण एखाद्या वणव्याप्रमाणे पसरते. एखाद्या रेणूतील एक इलेक्ट्रॉन निघून गेला, की तो रेणू अस्थिर बनतो. अशा अस्थिर कणांना 'मुक्त मूलके' म्हणतात. मुक्त मूलक आपली उणीव भरून काढण्यासाठी शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी अस्थिर होतो आणि त्याच्या शेजाऱ्याकडे वळतो. अशी साखळी सुरू राहते. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि तरीही स्वतः बऱ्याच अंशी स्थिर राहते. त्यामुळे साखळी तुटते. वनरक्षक डोंगरावर जाळरेषा काढतात, तेव्हा वणवा त्या रेषेशी येऊन थांबतो. ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य हे रेणूंच्या जगातील जाळरेषेचे काम करते.

मानवी शरीरातही श्वसन, पचन अशा नित्याच्या क्रियांत मुक्त मूलके निर्माण होतात. ती सर्वस्वी शत्रू नव्हेत; रोगजंतूंचा नाश करण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा उपयोग करून घेतात. मात्र त्यांचे प्रमाण हाताबाहेर गेले, तर पेशींना इजा पोहोचते. हा समतोल राखण्यासाठी शरीराजवळ स्वतःची व्यवस्था असते आणि आहारातील द्रव्यांचे तिला साहाय्य होते.

पाठगत प्रश्न २
(अ) जांभळ्या-काळ्या सालीला रंग देणारा द्रव्यांचा गट कोणता?
(आ) 'रंग ही खूण आहे. ते मोजमाप नव्हे,' असे पाठात का म्हटले आहे?
(इ) ऑक्सिडीकरणरोधक द्रव्याला कशाची उपमा दिली आहे?

५. विष शोधता सापडलेले द्रव्य

शेंगदाण्याच्या सालीकडे विज्ञानाचे लक्ष वेधले गेले, त्याची कथा फ्रान्समधील बोर्दो शहरातील आहे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि युरोपात अन्नधान्याची टंचाई होती. झाक मास्केलिए हा तरुण संशोधक तेथील विद्यापीठात शेंगदाण्याच्या सालीचा अभ्यास करीत होता. सालीत काही अपायकारक द्रव्य आहे काय, हा त्या अभ्यासामागील एक प्रश्न होता. १९४८ मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. त्याने सालीतून एक रंगहीन द्रव्य वेगळे केले होते. हे द्रव्य आम्लात तापविले, की लाल होत असे. ते विषारी नव्हते; उलट सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती बळकट करण्याचा गुण त्यात दिसून आला. प्रोअँथोसायनिडिन या गटाच्या अभ्यासाला या कामाने मोठी चालना मिळाली. पुढे मास्केलिएने हीच द्रव्ये पाइन वृक्षाच्या सालीतून आणि द्राक्षाच्या बियांतूनही मिळविली.

ज्याकडे संशयाने पाहिले गेले, त्यातच गुण आढळला. मराठी भाषेनेही सालीविषयी असाच पूर्वग्रह बाळगला आहे. धान्याचे रिकामे आवरण म्हणजे 'फोल'. त्यावरून व्यर्थ गेलेल्या गोष्टीला 'फोल ठरणे' असे म्हटले जाते. शेंगदाण्याचे हे फोल मात्र सर्वस्वी फोल नाही.

६. वाराणसीतील रंगांचे संशोधन

अन्नातील रंगांचा अभ्यास आज जगभर चालू आहे आणि त्यात वाराणसीचाही वाटा आहे. शहराजवळ शहंशाहपूर येथे भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. या संस्थेने विकसित केलेल्या अनेक वाणांच्या नावांत 'काशी' हा शब्द आढळतो. 'काशी कृष्णा' हे तेथील काळ्या गाजराचे वाण. 'काशी लालिमा' ही लाल रंगाची भेंडी. अनेक वर्षांच्या निवडीनंतर सिद्ध झालेले हे वाण २०१९ मध्ये देशभर चर्चेत आले. या दोन्ही भाज्यांचा रंग अँथोसायनिनचा आहे. जांभळ्या शेंगदाण्याच्या सालीतील द्रव्यांचेच हे भाऊबंद होत.

या भाज्यांनी शिकविलेली एक गोष्ट शेंगदाण्यालाही लागू पडते. अँथोसायनिन पाण्यात विरघळते आणि उष्णतेने त्याचा काही भाग नष्ट होतो. म्हणून लाल भेंडी शिजवली, की तिची लाली उतरते. रंगीत शेंगदाणे भिजत घातले, की पाणी रंगते. ते पाणी टाकून दिले, तर त्याबरोबर रंगद्रव्यांचा काही भागही जातो. भाजताना साल सुटी होते आणि चोळताच निघून जाते; उकडलेल्या शेंगांतील साल मात्र दाण्याला चिकटून राहते आणि सहज खाल्ली जाते. अन्नाचा गुण वाणावर जसा अवलंबून असतो, तसा तो ते शिजविणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतो.

७. परीक्षानळी आणि माणूस

येथवरचे वर्णन वाचून कोणी म्हणेल, मग सालीचे चूर्ण रोज खावे, म्हणजे सारे रोग दूर राहतील. बाजारात असे दावे पुष्कळ ऐकू येतात. परंतु विज्ञानाचे उत्तर सावध आहे.

परीक्षानळीत एखादे द्रव्य मुक्त मूलकांना किती चपळाईने रोखते, हे मोजता येते. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा मापांची एक मोठी सूची प्रसिद्ध केली होती. तिचा आधार घेऊन अनेक उत्पादनांची जाहिरात होऊ लागली. परीक्षानळीतील माप आणि माणसाचे आरोग्य यांचा थेट संबंध सिद्ध झालेला नाही, हे लक्षात घेऊन २०१२ मध्ये ती सूची मागे घेण्यात आली. सालीतील प्रोअँथोसायनिडिनचे मोठे रेणू आतड्यांतून रक्तात फारसे शोषलेच जात नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे लहान तुकडे करतात आणि त्यांतील काही शरीरात जातात. नळीत दिसते ते शरीरात जसेच्या तसे घडत नाही.

फिनलंडमधील एक प्रयोग तर अधिकच बोलका आहे. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास झाला. त्यांतील काहींना गाजरातील 'बीटा कॅरोटीन' हे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य गोळ्यांच्या रूपाने दिले गेले. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल, अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाणे आणि गाजरातील एकच द्रव्य मोठ्या मात्रेत गिळणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या प्रयोगाचा धडा. रेस्व्हेराट्रॉलबाबतही हेच ध्यानी घ्यावे. प्रयोगांत त्याची मात्रा बहुधा शेकडो मिलिग्रॅम असते. शेंगदाण्यात ते मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते.

सालीला मर्यादाही आहेत. टॅनिन प्रथिनांना आणि लोहाला चिकटून त्यांच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणूनच जनावरांच्या खाद्यात साल बेतानेच मिसळतात. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यांनी दाणा आणि साल दोन्ही टाळणे अत्यावश्यक आहे; त्यांच्यासाठी हे अन्न जिवावर बेतू शकते. बुरशी लागलेला, काळवंडलेला, सुरकुतलेला किंवा कडवट दाणा कोणीच खाऊ नये. भाजल्याने अफ्लाटॉक्सिन काही प्रमाणात कमी होते, पण पूर्णपणे नाहीसे होत नाही.

तरीही शेंगदाण्याचे मोल उणे होत नाही. त्यात प्रथिने आहेत, स्निग्ध पदार्थ आहेत, तंतू आहेत आणि सालीसह खाल्ला, तर पॉलिफेनॉलही आहेत. एकेका द्रव्याची मात्रा देण्यापेक्षा हे सारे एकत्र येणे, हीच संपूर्ण अन्नाची ताकद आहे. त्यासाठी महागडे चूर्ण लागत नाही. चटणी कुटताना साल काढली नाही, भाजलेले दाणे सालीसकट मूठभर खाल्ले, ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या, तरी पुरे. जे काही रुपयांच्या पुड्यात मिळते, तेच वेगळे काढून डबीत भरून शेकडो रुपयांना विकले जात असेल, तर ते घेण्यापूर्वी माणसाने दोन प्रश्न विचारावेत: हे माणसांवर तपासले आहे काय? आणि ते किती मात्रेत?

८. पुन्हा घाटावर

गंगेची आरती संपते. घाटाच्या पायऱ्या रिकाम्या होऊ लागतात. गाडीवाला मडक्यातील निखारे विझवितो. पायऱ्यांवर टरफलांचा खच पडलेला असतो आणि त्यात लाल, गुलाबी पापुद्रे वाऱ्यावर भिरभिरत असतात.

आणि ब्रह्मघाटावरील त्या घरात आजी उपवासाच्या खिचडीसाठी कूट पांढरेच करते. तो तिचा रिवाज आहे आणि त्यात काही चूक नाही. मात्र नातीच्या प्रश्नानंतर ती मूठभर दाणे सालीसकट बाजूला काढून ठेवते.

"हे गं कशाला?" नात विचारते.

"तुझ्यासाठी. तुरट लागले तरी चावून खा," आजी म्हणते, "आणि खवट लागला, तर थुंकून टाक."

मातीच्या अंधारात बीजाचे रक्षण करणाऱ्या त्या पापुद्र्याला याहून मोठा मान देण्याची गरज नाही. आणि याहून कमीही देऊ नये.

पाठगत प्रश्न ३
(अ) मास्केलिएने वेगळे केलेले द्रव्य आम्लात तापविल्यावर कोणता बदल होई?
(आ) 'काशी लालिमा' हे कोणत्या भाजीचे वाण आहे?
(इ) फिनलंडमधील प्रयोगातून कोणता धडा मिळाला?

शब्दार्थ

आख्यायिका – परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट
बाणेदार – स्वाभिमानी, करारी
पापुद्रा – अतिशय पातळ थर
वाण – पिकाची विशिष्ट जात
जनुकपेढी – बियाण्यांचे नमुने जतन करण्याचे ठिकाण
जाळरेषा – वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला जमिनीचा पट्टा
खवट – तेलकट पदार्थ जुना झाल्यावर येणाऱ्या वासाचा वा चवीचा
पूर्वग्रह – आधीच करून घेतलेले मत
अतिरंजित – वाढवून सांगितलेले

भाषाभ्यास

'रोधक' म्हणजे रोखणारा. हा शब्द दुसऱ्या शब्दाला जोडून अनेक सामासिक शब्द तयार होतात. उदा. जलरोधक, अग्निरोधक, ऑक्सिडीकरणरोधक. असे आणखी दोन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.

'फोल ठरणे' आणि 'जिवावर बेतणे' या वाक्प्रचारांचा अर्थ सांगून स्वतंत्र वाक्यांत उपयोग करा.

तुम्ही काय शिकलात?

• शेंगदाण्याची साल वजनाने अल्प असली, तरी ती बीजाचे बुरशीपासून रक्षण करते.
• सालीत प्रोअँथोसायनिडिन, अँथोसायनिन, कॅटेचिन अशी पॉलिफेनॉल द्रव्ये असतात. काही रंगीत, तर काही रंगहीन असतात.
• ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये मुक्त मूलकांची साखळी तोडतात.
• परीक्षानळीतील परिणाम माणसाच्या शरीराला जसाच्या तसा लागू होत नाही.
• वेगळ्या काढलेल्या द्रव्याच्या मोठ्या मात्रेपेक्षा संपूर्ण, स्वच्छ व ताजे अन्न अधिक भरवशाचे असते.

पाठान्त प्रश्न

१. 'बीजाचा पहारेकरी' हे वर्णन शेंगदाण्याच्या सालीला कसे लागू पडते, ते स्पष्ट करा.
२. तेलाचे ऑक्सिडीकरण आणि वणवा यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'ज्याकडे संशयाने पाहिले गेले, त्यातच गुण आढळला,' या विधानाचा पाठाच्या आधारे विस्तार करा.
४. आजीच्या शेवटच्या उत्तरातून कोणत्या दोन गोष्टी सूचित होतात?
५. तुमच्या घरी धान्य, फळे किंवा भाज्यांची कोणती आवरणे टाकून दिली जातात? त्यांपैकी एखाद्याचा उपयोग घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.
६. एखाद्या खाद्यपदार्थाची जाहिरात मिळवा. तिच्यातील आरोग्यविषयक दावा कोणता, तो पारखण्यासाठी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल, ते लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) दाणा मातीत वाढतो आणि त्यात तेल व प्रथिने यांचा मोठा साठा असतो. (आ) सुमारे ३ किलो. (इ) बुरशीमुळे.
२. (अ) अँथोसायनिन. (आ) सालीतील प्रोअँथोसायनिडिनसारखी काही द्रव्ये रंगहीन असतात. म्हणून केवळ रंगावरून त्यांचे प्रमाण ठरविता येत नाही. (इ) जाळरेषेची.
३. (अ) ते लाल होई. (आ) भेंडीचे. (इ) अन्न खाणे आणि त्यातील एकच द्रव्य मोठ्या मात्रेत घेणे यांचे परिणाम वेगवेगळे असतात.